पाडवा ते मृग : एक यादी घराची, एक आपली

खिडकीपाशी
३० मार्च २०२५, रात्री ९:१०

गुढी उतरवली, श्रीखंडाची पातेली घासून झाली, आता निवांत लिहायला बसलेय.

आमच्याकडे दर वर्षी एकच नाटक होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून आलं की मला आठवतं, अरेच्चा, गच्चीचं राहिलंच! मग बेडरूमच्या कोपऱ्यात ओल, मग पोपडे, मग दिवाळीला त्यावर रंगाचा एक हात. पुढच्या जूनला पुन्हा आभाळ. सहा वर्षं झाली. कर्वेनगरातली चार मजली जुनी सोसायटी, आम्ही सगळ्यांत वर, डोक्यावर थेट गच्ची.

यंदा ठरवलंय: पाडव्याला यादी, मृगाला हिशेब. मृग आठ जूनला लागतंय, म्हणजे हातात बरोबर सत्तर दिवस.

घराची यादी: गच्चीची गळती, बाथरूमचा ठिबकणारा नळ, बेडरूमचं घासणारं दार आणि माळा. (माळ्यावर काय आहे ते विचारू नका. मलाही माहीत नाही.)

माझी यादी: आठवड्यातून चार दिवस वेताळ टेकडी. आणि वरच्यांपैकी निदान एक काम कुणालाही न बोलावता स्वतःच्या हाताने. वय ५४. आजवर स्क्रू ड्रायव्हर हातात धरला तो दुसऱ्याला द्यायलाच.

तुमच्याही याद्या येऊ द्या. चारचौघांत बोललं की लाजेकाजेस्तव तरी होतं.

पेठेतला_पामर
३० मार्च, रात्री १०:०२

संकल्प सोडायला तळहातावर पाणी घ्यावं लागतं. तुमची सोय बरी आहे, छतातूनच येतं.

माझी यादी कोरी. आमच्या वाड्याचं रिडेव्हलपमेंट होणार आहे. मी चौथीत असल्यापासून होणार आहे. त्यामुळे घरात खिळासुद्धा ठोकायचा नाही असा दंडक.

नानाकाका
३१ मार्च, सकाळी ६:२०

खिडकीपाशी, मी ओव्हरसियर म्हणून ३३ वर्षं काढली, म्हणून आगाऊपणा करतो.

ओल छताच्या मध्यावर नाही, कोपऱ्यात आहे म्हणता. मग आधी सगळ्या गच्चीच्या मागे लागू नका. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर उतार केलेला असतो, त्याला आम्ही वाटा म्हणतो. जुन्या इमारतीत पहिल्यांदा तो सुटतो. उन्हाने स्लॅब फुगतो, रात्री आकसतो, आणि कठड्याची भिंत काही त्याच्या तालावर हलत नाही. मधे केसाएवढी फट पडते. पाण्याला तेवढी पुष्कळ झाली.

वर जाताना तीन गोष्टी न्या: बादलीभर पाणी, खडू आणि छोटी हातोडी. पाणी ओतून दहा मिनिटं थांबा. जिथे डबकं उरेल तिथे खडूने गोल काढा. उतार दहा फुटांना साधारण सव्वा इंच हवा, पण नंतर कुणी ना कुणी टाकीचा ओटा नाहीतर डिशचा चौथरा बांधतो आणि पाण्याची वाट अडते. मग हातोडीने कोबा, म्हणजे गच्चीवरचा सिमेंटचा थर, हळू वाजवत जा. ठणठण वाजला तर ठीक. ढबढब वाजला तर खालून सुटलाय. तिथेही खूण करा. शेवटी पाणी उतरायच्या पाइपाचं तोंड बघा. निम्म्या गळत्या पालापाचोळ्याच्या असतात, सिमेंटच्या नाहीत.

एक क्रम लक्षात ठेवा. सिमेंटचं काम एप्रिलात, रंग मेअखेर. नव्या गिलाव्याला रंग लावायच्या आधी २८ दिवस द्यायचे असतात. लोक मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही एकदम काढतात आणि मग रंगाच्या कंपनीला शिव्या देतात.

आणि राग मानू नका, पण यादी तुम्ही चुकीच्या महिन्यात केलीत. गळतीची यादी जुलैत करायची असते. तेव्हा भिंत स्वतः सांगते कुठून आणि किती. आता उन्हाळ्यात सगळ्याच भिंती शहाण्या दिसतात.

हिंजवडी_रिटर्न
३१ मार्च, दुपारी १:४५

सही धागा! माझी लिस्ट घ्या: १) रोज व्यायाम २) साखर बंद ३) स्क्रीन टाइम दोन तास ४) गिटार ५) महिन्याला दोन पुस्तकं ६) पोळ्या शिकणे ७) पहाटे पाचला उठणे ८) सिंहगड दर रविवारी ९) बचत १०) जर्मन ११) रूमचा पंखा दुरुस्त १२) नळाला वॉशर १३) गॅलरीत झाडं १४) आईला रोज फोन.

भाड्याने राहतो, बाणेरला. मालकांना भिंतीचं सांगितलं तर म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू.

पेठेतला_पामर
३१ मार्च, दुपारी १:५८

चौदावं पहिलं घे. बाकीचे तेरा ऐकून आईच हसतील.

नानाकाका
३१ मार्च, दुपारी ४:१०

हिंजवडी, टेंडरात चौदा कामं एकदम काढली की एकही वेळेवर पुरं होत नाही, हे मी सरकारी खर्चाने शिकलोय. दोन ठेव. एक रोजचं, एक एकदाच करून संपणारं. नळाचा वॉशर संपणारं काम आहे. संपलेलं काम डोळ्यांना दिसलं की रोजच्याला बळ येतं.

भिंतीचे फोटो तारखेसकट काढून मालकांना आत्ताच पाठव. करार अकरा महिन्यांचा असेल. सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायला लागले तर ते फोटो कामाला येतील.

सुतारपक्षी
१ एप्रिल, रात्री ८:३०

दाराबद्दल बोलतो, बाकीचं मला कळत नाही.

खिडकीपाशी, दार आत्ता, एप्रिलमध्ये घासतंय का?

खिडकीपाशी
१ एप्रिल, रात्री ८:५५

आत्ता जाऊन पाहिलं. नाही हो! मस्त लागतंय. म्हणजे काय, बरं झालं आपोआप?

सुतारपक्षी
१ एप्रिल, रात्री ९:२०

बरं नाही, वाळलं. लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि आडवं फुगतं, लांबीत फारसं नाही. म्हणून दार पावसाळ्यात कडेला घासतं. लोक ऑगस्टमध्ये वैतागून सुताराला बोलावतात, तो रंधा मारून देतो, आणि पुढच्या मेमध्ये त्याच दाराच्या फटीतून पलीकडचा टीव्ही दिसतो.

आता रंधा मारायचा तर किती मारणार? अंदाजच नाही. म्हणून ऑगस्टमध्ये घासेल तिथे पेन्सिलने रेघ ओढून ठेवा, आणि पुढच्या उन्हाळ्यात रेघेपुरतंच तासा. यंदा एकच करा. दाराची वरची आणि खालची कड हाताने चाचपा. तिथे रंग किंवा पॉलिश नसणार, कारण रंगारी दिसतं तेवढंच रंगवतो. कोरं लाकूड तिथूनच पाणी पितं. वरच्या कडेला स्टुलावर चढून दोन हात प्रायमर आणि ऑइलपेंट मारून टाका. खालच्यासाठी दार उतरवावं लागेल, ते राहू द्या.

भर उन्हाळ्यातही दार घासत असेल तर दोष लाकडाचा नाही, बिजागरीचा. स्क्रू ढिले झालेले असतात. भोकात काडेपेटीच्या दोन-तीन काड्या फेविकॉल लावून कोंबायच्या, रात्रभर वाळू द्यायचं, मग स्क्रू पिळायचा. दहा वर्षं हलत नाही.

फ्यूज_उडाला
२ एप्रिल, सकाळी ११:१५

सगळे भिंती-दारांचं बोलताय, मीटरपेटीकडे कुणी बघणार का?

पेटीत एमसीबीच्या ओळीत एक जरा रुंद स्विच असतो, त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण. तो आरसीसीबी, शॉक बसला तर वीज तोडणारा. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा असतो. ते बटण दाबायचं. फाटकन पडला तर जिवंत आहे. नाही पडला तर वायरमनला बोलवा, त्याच दिवशी. आणि असला स्विच घरात नसेलच, १९८०च्या सुमारच्या बऱ्याच घरांत नसतो, तर रंगाआधी तो बसवा. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवतो तो हा. दोन्हींत लोक गल्लत करतात.

उन्हाळ्यात पत्र्याच्या कुलरचा शॉक बसतो तो बहुतेकदा अर्थिंग नसल्यामुळे. चालू कुलरमध्ये पाणी ओतू नका. पिन काढा, मग ओता. हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी माझेच सासरे ऐकत नाहीत.

विजेचं सामान हवं असेल तर तपकीर गल्लीत जा, पण शनिवारी संध्याकाळी नको. गाडी लावायला जागा शोधण्यातच संकल्प मोडेल.

खिडकीपाशी
६ एप्रिल, दुपारी १२:४०

रामनवमीचा सुंठवडा खाऊन गच्चीवर गेले. काका, तुमच्या हुकमाप्रमाणे बादली, खडू, हातोडी. पाय भाजले, चपला काढून गेले होते (शहाणी).

निकाल असा. आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यावर बरोबर वाटा सुटलाय, दीड हात लांब फट, त्यात माझं नख जातं. त्या फटीत एक पिंपळाचं रोपटं आहे, वीतभर. पाइपाच्या तोंडाशी कबुतराचं घरटं, दोन पिल्लं. टाकीच्या मागे मोठं डबकं. ढबढब वाजणाऱ्या जागा तीन.

सहा वर्षं मी त्या कोपऱ्यावर खालून रंग देत होते आणि वर पिंपळ वाढत होता.

नानाकाका
६ एप्रिल, दुपारी १:३०

पिंपळ नुसता खुडू नका, तो दुप्पट जोमाने येतो. मुळासकट निघाला पाहिजे. फट फोडायची आहेच, तेव्हा गवंड्याकडून मूळ जिथवर गेलंय तिथवर खणून काढा. कापायला मन धजत नसेल तर कुंडीत लावा, आमच्या हिनेही तेच केलं. पिल्लं मोठी होऊन उडायला महिनाभर लागेल. तोवर घरट्याच्या अलीकडे पाण्याला दुसरी वाट राहील एवढं पाहा.

फट भरण्याबद्दल: वरून सिमेंटचा लपका मारणारा गवंडी आला तर चहा देऊन परत पाठवा. छिन्नीने फट आधी इंग्रजी व्हीच्या आकारात रुंद करायची, धूळ ब्रशने काढायची, पाणी मारून ओली करायची, मग पॉलिमर घातलेला मसाला दाबून भरायचा आणि वाटा नवीन गोल वळवायचा. जुन्यावर नवा कोरडा थर बसतच नाही, सुटा पडतो.

कोथरूडची_मी
९ एप्रिल, सकाळी १०:०५

मीपण! आमच्याकडे खिडकीखाली ओल येते, दुसरा मजला, गच्चीचा संबंध नाही. एकाने बाहेरून परांची बांधून सगळी भिंत केमिकलने कोट करायला सांगितलंय. आकडा ऐकून यजमान तीन दिवस बोलले नाहीत.

नानाकाका
९ एप्रिल, सकाळी ११:४०

खिडकी पश्चिमेची? सरकती ॲल्युमिनियमची? ओल तिरका पाऊस असला की येते आणि सरळ पावसात नाही?

कोथरूडची_मी
९ एप्रिल, सकाळी ११:४४

तिन्हीला हो. तुम्ही आमच्या समोर राहता का?

नानाकाका
९ एप्रिल, दुपारी १२:१०

नाही. खिडकीच्या खालच्या पट्टीत, बाहेरच्या बाजूला, पाणी निघायला छोटी भोकं असतात. त्यांत धूळ, मेलेले डास, रंगाऱ्याची लांबी (पुट्टी), सगळं साचतं. पट्टी भरली की पाणी आत उलटतं आणि भिंतीत मुरतं. जुना टूथब्रश आणि तार घ्या, भोकं मोकळी करा, तांब्याभर पाणी पट्टीत ओता. बाहेर सरसर निघालं पाहिजे. मग पहिल्या पावसापर्यंत थांबा. परांची कुठे पळून जात नाही.

खिडकीपाशी
१३ एप्रिल, दुपारी ४:२०

नळ झाला. माझ्या हाताने.

आधी मोजमाप केलं. रात्री दहाला नळाखाली पातेलं ठेवलं, सकाळी सहाला मोजलं, दीड लिटरला थोडं कमी. म्हणजे दिवसाला साडेचार लिटरच्या आसपास. एकीकडे धुण्याचं पाणी मी झाडांना घालते आणि दुसरीकडे हे.

काम खरं दहा मिनिटांचं. कॉक बंद करायचा, पान्ह्याने नळाचं वरचं डोकं फिरवून स्पिंडल बाहेर काढायचा, त्याच्या टोकाला असलेला झिजलेला रबरी वॉशर काढून नवा बसवायचा, परत पिळायचं. मला अडीच तास लागले. कारण बाथरूमचा कॉक वीस वर्षांत कुणी फिरवलेला नव्हता, तो हलेना. मग गच्चीवर जाऊन टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद केला. तो नुसता आमचा नव्हता, अख्ख्या उभ्या लाइनचा होता. दुसऱ्या मजल्यावरचे काका तेव्हा डोक्याला साबण लावून उभे होते. त्यांचा आवाज जिन्यातून वर आला तो मी इथे लिहीत नाही.

त्यांच्याकडे नंतर बटाटेवडे पाठवले. आता बोलतात.

पेठेतला_पामर
१३ एप्रिल, दुपारी ४:३१

अभिनंदन. वॉशर पाच-दहा रुपये, वडे दोनशे. तरी प्लंबरपेक्षा स्वस्त.

हिंजवडी_रिटर्न
१३ एप्रिल, रात्री ११:५०

मी आईला रोज फोन करतोय. पहिले चार दिवस तिला वाटलं पैसे हवेत.

खिडकीपाशी
२१ एप्रिल, रात्री ९:३०

आता रडगाणं. गच्चीबद्दल सेक्रेटरींकडे गेले. म्हणाले, गळती तुमच्या घरात आहे, तुम्ही करून घ्या, नाहीतर ऑगस्टच्या सभेत विषय घेऊ. ऑगस्टमध्ये! तोपर्यंत मी छत्री घेऊन झोपू का?

नानाकाका
२२ एप्रिल, सकाळी ६:४०

सोसायटीने स्वीकारलेले उपविधी मागून घ्या. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींत हे स्वच्छ लिहिलेलं आहे: गच्ची, कठडे, पावसाच्या पाण्याची गळती, आणि त्या गळतीने वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा बिघडला तर तोही, सगळं सोसायटीच्या खर्चाने. सदस्याच्या खिशातून जातं ते घरातल्या संडास, बाथरूम, सिंकमधून होणाऱ्या अंतर्गत गळतीचं. भांडू नका. लेखी अर्ज द्या, खडूच्या खुणांचे फोटो जोडा, पोच घ्या.

आणि तुमची इमारत तीस वर्षांपुढची असेल तर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करायची असते. पंधरा ते तीसमध्ये असेल तर दर पाच वर्षांनी. अर्जाच्या शेवटी ‘शेवटची तपासणी केव्हा झाली?’ एवढा एकच प्रश्न विचारा. बहुतेक ठिकाणी त्या प्रश्नानंतर कामाला वेग येतो.

फ्यूज_उडाला
२२ एप्रिल, सकाळी ९:००

काकांनी नोकरीत किती जणांना घाम फोडला असेल.

खिडकीपाशी
३० एप्रिल, संध्याकाळी ७:१५

अक्षय्य तृतीयेचा आमरस आणि कमिटीचा होकार एकाच दिवशी! संपूर्ण गच्ची नाही, पण वाटा, तीन ढबढब जागा आणि टाकीमागचा उतार करायला पैसे मंजूर. ‘शेवटची तपासणी केव्हा?’वर खरंच शांतता पसरली होती. साबणवाल्या काकांनी माझ्या बाजूने मत दिलं.

कबुतराची पिल्लंही उडाली. पाइप मोकळा.

टेकडीचं विचारू नका. आठवड्यातून दोनदा होतंय, तेही पायथ्याच्या बाकापर्यंत धरून.

पेठेतला_पामर
४ मे, दुपारी ३:००

कबुली. तुमचा पिंपळ वाचून दोन रात्री झोप आली नाही, म्हणून शिडी लावून आमच्या माळ्यावर गेलो. सापडलं ते असं: रंगाचे नऊ अर्धे डबे (एकही झाकण निघत नाही), एम-सीलचे वाळून दगड झालेले चार तुकडे, गणपतीच्या मखराचे तीन सांगाडे, आणि कौलांतून दिसणारं आकाश. सात ठिकाणी.

माझ्या वडिलांनीही ‘वाडा पडणारच आहे’ म्हणून कौलं चाळली नव्हती, आणि मीही. हिशेब केला तर आम्ही बापलेकांनी एकोणतीस पावसाळे पातेली लावून काढलेत.

चौघा बिऱ्हाडांकडून वर्गणी काढली. मंगलोरी कौलं चाळून घेतली, फुटकी बदलली. पलीकडच्या गल्लीत पाडलेल्या वाड्याची जुनी कौलं मिळाली, त्याच मापाची. एका वाशाला वाळवी होती, तो भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणून बदलला. रविवारी जुन्या बाजारात जाऊन पितळी बिजागऱ्या घेतल्या, त्यांची गरज नव्हती.

रिडेव्हलपमेंटची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे म्हणे.

सुतारपक्षी
४ मे, दुपारी ३:२५

बिजागऱ्यांचा फोटो टाका!

खिडकीपाशी
९ मे, दुपारी २:१०

६ तारखेला गवंडी आला. मी समोर उभी राहून फट छिन्नीने रुंद करून घेतली. त्याने विचारलं, ताई, तुम्ही इंजिनीअर का? मी काही बोलले नाही, मान अशी हलवली की हो-नाही दोन्ही वाटेल.

पिंपळाचं मूळ कठड्यात हातभर आत होतं.

आता पाणी मारणं माझ्याकडे. या उन्हात सिमेंट पाणी मागत नाही, ओढतं. गोणपाटं अंथरली आहेत, सकाळी सहा, अकरा, तीन आणि रात्री आठला भिजवते. मध्ये एक दिवस टाकी धुवायला काढली होती तेव्हा आदल्या रात्री पिंपं भरून ठेवली. टेकडीचे चार दिवस होत नव्हते ना? दिवसातून चारदा चार मजले... आम्ही वरच राहतो म्हणा, एकच जिना. पण बादलीसकट.

नानाकाका
९ मे, संध्याकाळी ५:००

किमान सात दिवस, जमलं तर चौदा. एकदा सुकू दिलंत आणि मग भिजवलंत तर उपयोग अर्धा. त्यानंतर पाइपाचं तोंड बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खाली छत बघा. पण आधी घरातून स्लॅबची सळई उघडी पडलेली कुठे दिसत नाही ना याची खात्री करा. दोन इंच पाणी म्हणजे चौरस फुटाला जवळपास पाच किलो वजन. थकलेल्या स्लॅबवर ते प्रयोग नकोत.

खिडकीपाशी
२१ मे, सकाळी ७:३०

चौदा दिवस पुरे झाले, काल पाणी साठवायचं ठरवलं होतं. आभाळानेच साठवलं! वळीव म्हणावा तर हा थांबतच नाही. छत कोरडं आहे, सध्या तरी. रंगाऱ्याला ‘नंतर सांगते’ म्हटलं.

कोथरूडची_मी
२१ मे, सकाळी ९:१०

काका!! रात्रभर तिरका पाऊस आणि खिडकीखाली एक थेंब नाही. एक टूथब्रश. यजमान पुन्हा बोलायला लागलेत, आता थांबतच नाहीत.

फ्यूज_उडाला
२६ मे, रात्री ८:४५

मान्सून २४ला केरळात आणि आज मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. खिडकीपाशी, तुमच्या सत्तर दिवसांतले तेरा दिवस पावसाने परस्पर कापले.

पेठेतला_पामर
२६ मे, रात्री ९:०५

मृगाची वाट न बघता आला म्हणजे पाहुणा पुण्याचा नाही. आमच्याकडे मात्र दुपारी एक ते चारमध्येसुद्धा टपकलं नाही. पहिल्यांदाच पातेली ओट्यावर आहेत. आवाज नसल्यामुळे झोप येत नाही.

खिडकीपाशी
२८ मे, रात्री १०:२०

हिशेब आजच देते, मृगाला काय देणार.

बेडरूमचा कोपरा कोरडा. सहा वर्षांत पहिल्यांदा. रंग राहिला. नव्या मसाल्याचे २८ दिवस ३ जूनला भरतील, पण या हवेत भिंत वाळणार नाही. प्लॅस्टिकच्या कागदाची चाचणी केली, भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवला, आतून दव आलं. तेव्हा दिवाळीपर्यंत पोपडे तसेच. पाहुण्यांना दाखवते, हे जुने आहेत बरं का.

माळा तसाच.

आणि स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, एक नवा डाग. ताटलीएवढा. हा कधीच नव्हता, निदान मी कधी पाहिला नव्हता. आधी धस्स झालं, मग स्टुलावर चढून त्याच्या कडेकडेने पेन्सिल फिरवली आणि आत तारीख लिहिली. आज सकाळी डाग रेघेच्या बाहेर दोन बोटं गेलाय, तीही रेघ ओढली. हे म्हणाले, नकाशा काढतेयस का?

नानाकाका
२९ मे, सकाळी ६:१५

हो, नकाशाच. पाऊस जोराचा झाला तर दर वेळी नवी रेघ. डाग कुठल्या दिशेने वाढतो ते बघा, पाणी त्याच्या उलट बाजूने येतंय. टाकीचा पाइप स्लॅबमधून उतरतो ती जागा ओट्यावरच आहे का?

खिडकीपाशी
२९ मे, सकाळी ६:२२

बरोबर तिथेच. आणि डाग त्याच बाजूने वाढतोय, म्हणजे उलट बाजूला... थांबा, वर जाऊन बघते.

हिंजवडी_रिटर्न
८ जून, रात्री ११:३०

आज मृग ना? चौदापैकी दोन. फोन चालू आहे, आई आता म्हणते रोज नको, एक दिवसाआड कर. आणि नळ उघडून बसलोय, पाणी बंद केलंय (फक्त माझं, चेक केलं!). वॉशर अर्ध्या इंचाचा लागेल की पाऊण इंचाचा? कसं ओळखायचं?

खिडकीपाशी
८ जून, रात्री ११:३६

मोजत बसू नकोस. जुना खिशात घाल आणि सकाळी दुकानात दाखव. आणि दोन आण, पहिला तुझ्या हातून मोरीत पडणार आहे.